झालरीमागचा आवाज

“गेला!” मी ओरडले. “मालक, परत गेला!”

स्क्रीन काळी झाली होती. क्षणापूर्वी तिच्यावर ‘त्या संध्याकाळी मंडपात पाय ठेवायला जागा’ एवढं वाक्य उभं होतं. ‘नव्हती’ टाइप करायच्या आत सगळं नाहीसं. मग कुणी बोट न लावता कॉम्प्युटर आपणच घुरघुरला आणि काळ्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं धावायला लागली, काही झालंच नसल्यासारखी.

आमचे मालक रघुनाथ शेटे चष्मा कपाळावर चढवत केबिनमधून बाहेर आले.

“सेव्ह केलं होतं?”

“तीन ओळींमागं केलं होतं.”

“म्हणजे तीनच ओळी गेल्या.”

“ह्या वेळी तीन. सोमवारी अख्खी फाईल गेली. आजची चौथी वेळ आहे, मालक.”

खिडकीजवळच्या केसपाशी दगडूअप्पा साळी उभे होते. केस म्हणजे खिळे ठेवायचा लाकडी खण, छोट्या छोट्या खान्यांचा. त्या खान्यांतून शिशाची अक्षरं वेचून ओळी जुळवण्यात अप्पांची एकेचाळीस वर्षं गेली होती. त्यांनी मान वर केली नाही.

“माझा एक बी खिळा आजपातुर आपणहून पळून गेला न्हाई,” ते खिळ्यांशीच बोलल्यासारखे म्हणाले.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालची, विट्याची. मी तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होते आणि शेटे मुद्रणालयात नोकरीला लागून मला सव्वीस दिवस झाले होते. त्याआधी एकतीस वर्षं मी शिलाईचं मशीन चालवलं. नववीत असताना वडील गेले, त्याच आठवड्यात आईनं मला मशीनवर बसवलं. गावात कुणाचं ब्लाऊज कुठं घट्ट होतं हे मला कुंडलीसारखं पाठ होतं. पण बाजारपेठेत रेडिमेडची दोन दुकानं आली आणि परकर-पोलक्यांचं काम आटत गेलं. तेव्हा सांगलीला डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवरची अक्षरजुळणी, शिकवतात असं कानावर आलं. दोन महिने रोज एसटीनं जाऊन मी ते शिकले. वर्गात सगळ्या विशी-बाविशीच्या मुली. त्या मला ‘काकू’ म्हणायच्या आणि माझा वेग बघून गप्प बसायच्या. बोटांना कापडाचं वळण होतं, ते अक्षरांना लागलं इतकंच.

शेटे मालकांनी त्याच सुमारास कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. मला ठेवलं, पण एका अटीवर. गावच्या हायस्कूलचा अमृतमहोत्सव होता, त्याची दीडशे पानांची स्मरणिका आमच्याकडे होती. “हे एक काम पार पाडा, इंदूताई,” ते म्हणाले होते. “पार पडलं तर कायम. नाही तर कॉम्प्युटर परत, आणि तुम्ही तुमच्या मशीनवर.”

तीच तर गोम होती. परत बसायला मशीन उरलं नव्हतं.

कॉम्प्युटर आला त्या दिवशी छापखान्यात त्याला टेबल नव्हतं. मी उत्साहाच्या भरात म्हटलं, माझ्याकडे आहे. मशीनचं डोकं काढून कापडात गुंडाळून फळीवर ठेवलं, पट्टा काढला आणि खालचा बिडाचा स्टँड हातगाडीवर घालून छापखान्यात आणला. वर नवी फळी ठोकून घेतली. उंची अगदी माझ्या बेताची. कॉम्प्युटर बसवायला सांगलीहून मुजावर आला होता. तिशीचा उंच माणूस, बोलण्यात मध आणि खिशात चार पेचकस. स्क्रीन आणि कीबोर्डनं फळी भरून गेली. राहिला मोठा डबा. तो जमिनीवर ठेवायची सोय नव्हती, कारण अप्पा खिळे धुवायचे आणि रॉकेलचं पाणी फरशीभर व्हायचं.

“ताई, खाली ही पाय मारायची जाळी आहे की,” मुजावर म्हणाला. “हिच्यावर डावीकडे डबा, उजवीकडे तुमचे पाय. मस्त!” जाळी हलू नये म्हणून त्यानं ती सुतळीनं स्टँडला बांधली.

वायरींचं जंजाळ दिसायला वाईट दिसत होतं. मी घरून पडद्याचं उरलेलं निळं कापड आणलं आणि फळीला चारही बाजूंनी झालर लावली, चुण्या घालून. मालक म्हणाले, “लग्नाच्या मांडवासारखं दिसतंय.” मला ते कौतुक वाटलं.

तर त्या बुधवारी चौथ्यांदा कॉम्प्युटर गेला. मी उठून भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेले आणि बुधवारच्या चौकोनात पेन्सिलनं लिहिलं, ‘११.२०, हेमलता’.

“हेमलता कोण?” मालकांनी विचारलं.

“लेख. हेमलता कर्नाळ्यांचा, अडुसष्टच्या मॅट्रिक बॅचच्या. बघा ना. रविवारी मी माजी विद्यार्थ्यांच्या याद्या केल्या, सात तास. एकदाही गेला नाही. सोमवारी हा लेख लावला, वीस मिनिटांत गेला. मंगळवारी दोनदा. आज परत.”

“लेखात काय आहे असं?”

“काही नाही. शाळेचं स्नेहसंमेलन.”

“स्नेहसंमेलनानं कॉम्प्युटर बंद पडतो?”

अप्पा खिळ्यांत हसले. मालकांना मात्र हसू आलं नाही. ते यूपीएसच्या खोक्यापाशी गेले. विजेचा बोर्ड तिथंच, अप्पांच्या केसपासून चार पावलांवर होता. त्यांनी बोर्डाकडे पाहिलं, मग अप्पांकडे.

“अप्पा, मघाशी तुम्ही इकडं आला होता?”

अप्पांचा हात थांबला.

“कवा?”

“आत्ता. कॉम्प्युटर गेला तेव्हा.”

“म्हंजी मी बटन दाबलं म्हणायचं तुमास्नी?”

“मी तसं म्हणत नाही. पण हे मशीन आल्यापासून तुमच्या मनात काय आहे ते काय मला दिसत नाही? त्या दिवशी मुजावरला म्हणालात, ह्याला गंज लागू दे.”

अप्पांनी हातातली स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची पितळी पट्टी, सावकाश खाली ठेवली. त्यांच्या कपाळावरची शीर मला इथून दिसत होती. सदुसष्ट वर्षांचा माणूस, मालकांच्या वडिलांच्या वेळेपासूनचा.

आता खरं सांगते. माझ्या मनात एक क्षण आलं, गप्प बसावं. अप्पांवर गेलं तर माझ्यावरून टळत होतं. पण तोंड आपणच उघडलं.

“अप्पा केसपाशी होते, मालक.”

“तुम्ही तर स्क्रीनकडे बघत होता.”

“बघत होते, पण कान होते की. अप्पा खिळा स्टिकमध्ये टाकतात त्याचा आवाज येतो. टिक, टिक, टिक. कॉम्प्युटर गेला तेव्हाही तो चालू होता. मी ओरडले, त्याच्यानंतर थांबला.”

मालक माझ्याकडे बघत राहिले. “म्हणजे विजेचा दोष नाही, अप्पांचा नाही. मुजावर दोनदा येऊन गेला, त्याला काही सापडलं नाही. त्याच्या हाताखाली तर एकदाही बंद पडला नाही. मग राहिलं कोण, इंदूताई?”

मी पेन्सिल टेबलावर ठेवली.

“उद्या गुरुवार,” ते म्हणाले. “चारच्या सांगली गाडीनं ऑफसेटसाठी पानांचे बटर पेपर गेलेच पाहिजेत, नाहीतर ऑफसेटवाला पुढचं काम लावेल आणि पाहुण्यांच्या हातात स्मरणिकेऐवजी नारळ द्यायची पाळी येईल. उद्या दुपारी बारापर्यंत वाट बघतो. बारा वाजता हे असंच असेल, तर सगळे कागद घेऊन मी स्वतः सांगलीला जातो. तिथं चार मुली बसवून करून घेतो.”

ते केबिनमध्ये गेले. अप्पांनी स्टिक उचलली. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, आभाराचा शब्द नाही. टिक, टिक, टिक, पुन्हा सुरू.

गुरुवारी सकाळी दहाला मुजावरची मोटारसायकल दारात वाजली. त्यानं झालर वर केली, डबा ओढून बाहेर काढला, उघडला. आतली धूळ फुंकली. मेमरीची पट्टी काढून रबरानं घासली आणि परत बसवली. पंखा फिरवून बघितला. व्हायरस बघितला. सगळं जाग्यावर ठेवून, वायरी दाबून बसवून तो माझ्या खुर्चीवर बसला. त्याचे लांब पाय स्टँडखाली मावत नव्हते. ते बाहेर, वाटेत पसरून तो अर्धा तास भराभर काहीबाही टाइप करत राहिला. कॉम्प्युटर शहाण्या मुलासारखा चालला.

“बघा,” तो म्हणाला, “ह्याला काहीही झालेलं नाही.”

“आता मी बसते.”

“बसा.”

आधी मी जाहिरातींची पानं केली. काही नाही. मुख्याध्यापकांचं मनोगत केलं. काही नाही. घड्याळात अकरा वीस. केबिनच्या काचेतून मालक बघत होते. मी हेमलताचा लेख समोर लावला आणि सुरू केलं. पहिलं पान सरलं. दुसऱ्या पानावर संमेलनाचा मंडप आला, गर्दी आली, ‘त्या संध्याकाळी मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती’, हो, ह्या वेळी ‘नव्हती’सुद्धा आलं! ‘आणि नाटकाचा दुसरा अंक सुरू होणार तोच’...

“गेला!” ह्या वेळी आम्ही दोघं एकदम ओरडलो.

मुजावर उडी मारून उठला. त्याचा चेहरा उजळला होता! डॉक्टरला अवघड रोगी मिळाल्यावर होतो तसा. “या अल्ला, ताई! माझ्या डोळ्यांदेखत! आता सोडत नाही. तुमच्या हातात बांगड्या आहेत, काढा बघू. काचेच्या नव्हे, ती धातूची.”

मी पाटली काढली. पुन्हा सुरू केलं. बारा ओळींत गेला.

“साडी कसली आहे? नायलॉन? नायलॉननं वीज तयार होते.”

“सुती आहे. आणि आता साडी बदलायला सांगू नकोस.”

“खुर्ची बदला.”

खुर्ची बदलली. गेला. मालक बाहेर आले, म्हणाले, “लिंबू-मिरची बांधू का दाराला?” आणि कुणीच हसलं नाही तेव्हा म्हणाले, “मी गंभीरपणे म्हणतोय.”

“थांबा,” मी म्हटलं. “सगळ्यांनी जरा थांबा.”

मला माझी आई आठवली. मशीनचा धागा सारखा तुटायला लागला की मी लगेच पेचकस हातात घ्यायची. आई हातावर चापट मारायची. ती एक क्रम म्हणून दाखवायची, मंत्रासारखा. आधी धागा बघ, मग सुई बघ, मग बॉबिन, मग कापड. आणि सगळं नीट असेल तर शेवटी बाई बघ. मशीन शेवटपर्यंत उघडायचं नाही.

“मुजावर, तू आतापर्यंत काय काय बघितलंस?”

“सगळं. वीज, मेमरी, पंखा, व्हायरस.”

“म्हणजे धागा, सुई, बॉबिन. कापड म्हणजे लेख. लेख दुसऱ्या फाईलमध्ये टाकला तरी जातो. म्हणजे आता शेवटची राहिली, बाई. मला बघ. कॉम्प्युटरकडे बघू नकोस. मी टाइप करते, तू फक्त मला बघ.”

“कुठं बघू?”

“डोक्यापासून सुरू कर.”

घड्याळात पावणेबारा. मी पुन्हा बसले. मुजावर माझ्या उजव्या खांद्यापाशी, मालक डाव्या. माझी मान, दंड, मनगटं, बोटं, सगळ्यांवर चार डोळे. मी लेख सुरू केला. मंडप, गर्दी, दुसरा अंक.

“हात तर नीट आहेत,” मुजावर पुटपुटला. “वेग केवढा आहे हो ह्यांचा.”

‘तोच पडद्याची दोरी अडकली आणि’...

“पाय,” मागून आवाज आला.

माझी बोटं थांबली. अप्पा केस सोडून आमच्यामागे येऊन उभे राहिले होते. हातात स्टिक तशीच.

“काय म्हणालात, अप्पा?” मालक म्हणाले.

“बाय पाय मारतीया. तुमी वर काय बघताय सगळी? आवाज खालनं येतोय. कच्-कच्, कच्-कच्. मी बी सा वर्षं पायानं छापायचं ट्रेडल मारलंय. झोपेत बी कळंल मला.” ते वाकले आणि स्टिकच्या टोकानं माझी निळी झालर वर केली. “बाय, थांबू नगंस. मार. टाइप कर आदीसारखी.”

मी टाइप करायला लागले. खाली बघितलं मात्र. माझा उजवा पाय जाळीवर होता आणि तो चालत होता. टाच खाली, बोटं वर, बोटं खाली, टाच वर. लांब शिवण असली की मारायची तसा, लयीत. मुजावरनं बांधलेली सुतळी सैल होऊन लोंबत होती. जाळी झुलत होती आणि तिच्यावर डाव्या बाजूला तो मोठा डबा डुलत होता, बैलगाडीत बसलेल्या पाहुण्यासारखा. मागची काळी वायर प्रत्येक झोक्याला थोडी बाहेर, थोडी आत, थोडी बाहेर...

स्क्रीन काळी झाली.

“विजेची पिन!” मुजावर जमिनीवर आडवाच झाला. “पिन ढिली होतेय! अहो, मी दर वेळी डबा बाहेर काढायचो आणि परत ठेवताना दाबून बसवायचो, म्हणून नंतर चालायचा! आणि माझे पाय तर खाली मावतच नाहीत!” तो तिथंच पडून हसायला लागला. “ताई, तुम्ही कॉम्प्युटर शिवत होता!”

मी पण हसले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. एकतीस वर्षं ज्या आवाजात काढली तो आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

“पण याद्या करताना का नाही गेला?” मालकांना अजून पटत नव्हतं.

“याद्यांना कुठला आलाय वेग,” अप्पा म्हणाले. “नाव बगायचं, टाकायचं, नाव बगायचं. ते काजं-बटनं लावल्यागत काम. पाय चालतो सरळ शिवणीला. मन लागलं की.”

मालकांनी घड्याळाकडे पाहिलं. बाराला तीन मिनिटं कमी. “चारच्या गाडीला किती पानं राहिलीत?”

“बावीस.”

“होतील?”

“हा डबा कशावर तरी ठेवा, मग होतील.”

टेबल नव्हतं, स्टूल एकच होतं आणि त्यावर प्रिंटर होता. मुजावर विटा शोधायला निघाला. तेवढ्यात अप्पा आपल्या केसपाशी गेले. खिडकीखालचा सगळ्यात खालचा खण त्यांनी ओढून काढला. त्यातले खिळे जुन्या वर्तमानपत्रावर ओतले, खळ्ळकन. एकेचाळीस वर्षांत त्यांनी खिळे असे ओतलेले मी काय, मालकांनीही पाहिले नसतील. रिकामा खण उलटा करून त्यांनी तो स्टँडच्या बाजूला फरशीवर ठेवला.

“ह्याच्यावर ठेव रं. सागवानी हाय, कुजत न्हाई.”

डबा त्यावर गेला. पिन दाबून बसवली. मुजावरनं वर चिकटपट्टीचे चार वेढे दिले. माझ्या पायाखाली आता जाळी एकटी होती, मोकळी.

“मार आता किती बी,” अप्पा म्हणाले. मग स्टूल नसल्यामुळे रिकाम्या रॉकेलच्या डब्यावर ते माझ्याशेजारी बसले आणि लेखाचे कागद उचलले. “तू मान वर-खाली करतीस त्यात टाइम जातो. मी वाचतो. तू मार.”

असं कुणाला कधी वाचून दाखवलं असेल असं मला वाटत नाही. अप्पा सगळं एकाच सुरात वाचत, विरामचिन्हांसकट. “नाटकाचा दुसरा अंक सुरू होणार तोच पडद्याची दोरी अडकली आणि पडदा मधोमध टरकन फाटला पूर्णविराम प्रेक्षकांत हशा पिकला पूर्णविराम नवा परिच्छेद.” माझी बोटं धावत होती, पाय धावत होता, खाली कच्-कच्, वर खटखट. स्क्रीनवर अक्षरं नुसती ओतली जात होती. कॉम्प्युटर चालतच होता. मुजावर प्रिंटरपाशी उभा राहून पान उमटलेला एकेक बटर पेपर निघेल तसा उचलत होता, ओल्या पापडासारखा दोन्ही हातांनी.

“आम्ही मुली रडकुंडीला आलो होतो पूर्णविराम,” अप्पा वाचत होते. “तेवढ्यात कुणीतरी सुई-दोरा आणला आणि पडद्यामागं उभं राहून स्वल्पविराम अंधारातच स्वल्पविराम तो जमिनीपासून वरपर्यंत शिवून काढला पूर्णविराम नाटक झालं आणि आम्हाला ढाल मिळाली पूर्णविराम.”

माझी बोटं थांबली. पाय थांबला.

“काय गं? गेला का?” अप्पा दचकले.

“नाही. चालू आहे.”

“मग?”

“ते कुणीतरी म्हणजे मी.”

अप्पांनी कागदावरून डोळे उचलले.

“नववीत होते. हेमलता आणि मी एका बाकावर बसायचो. त्यानंतर दोन महिन्यांनी मी शाळा सोडली. लेख आला त्या दिवशी मी आधी शेवटचं पान उलटून बघितलं, मग पहिलं, मग सगळं. नाव कुठं नाही. तिला आठवलं नसेल. तीस वर्षं झाली.”

“मग घाल की नाव. मशीन तुज्या हातात हाय.”

“तुम्ही घातलं असतं? दुसऱ्याच्या लेखात?”

अप्पांनी कागद पुन्हा डोळ्यांसमोर धरला. “नवा परिच्छेद,” ते म्हणाले, आणि पुढं वाचायला लागले. पण वाचताना मधेच त्यांनी माझ्याकडे दोनदा पाहिलं, ते मला कळलं.

तीन चाळीसला शेवटचं पान निघालं. मालकांनी बटर पेपरांची गुंडाळी केली, पुठ्ठ्याच्या नळीत घातली आणि मुजावरच्या मोटारसायकलवर मागे बसले. आयुष्यात ते कधी मोटारसायकलवर बसले नव्हते. धोतराचा सोगा चाकात जाईल म्हणून तो दातांत धरला होता. मी आणि अप्पा दारात उभे राहून एसटी स्टँडच्या दिशेनं बघत होतो. चार वाजून गेले, सव्वाचार झाले. मग मोटारसायकल परत येताना दिसली आणि मागं बसलेले मालक दोन्ही रिकामे हात हवेत हलवताना दिसले. कंडक्टरनं नळी घेतली होती. गाडी गेली होती.

मी दारातच टाळ्या वाजवल्या. सेहेचाळीस वर्षांची बाई, रस्त्यावर. समोरच्या दुकानातली माणसं बघायला लागली.

“अप्पा,” मी म्हटलं, “तुम्ही नसता तर बारा वाजता माझे बारा वाजले होते. आज तुम्हाला तो आवाज ऐकू आला म्हणून...”

“आज न्हाई,” अप्पा म्हणाले.

“म्हणजे?”

ते रस्त्याकडे बघत होते. “सोमवारीच आला. पैल्यांदा गेला तवाच. कच्-कच् थांबली आन् तू वरडलीस. दुसऱ्या वेळी बी तसंच. मला दोन डाव ऐकावं लागत न्हाई.”

मला काही क्षण कळलंच नाही. मग कळलं.

“चार दिवस तुम्हाला माहीत होतं?”

“व्हय.”

“मग बोलला का नाहीत?”

“कशापायी बोलू? हे डबडं चाललं की माजं काम संपलं. तुला ठावं न्हवतं व्हय ते?” ते पहिल्यांदाच माझ्याकडे वळले. “काल तू बी गप बसली असतीस तर मी काय करणार हुतो? पर तू बोललीस. टिक-टिक ऐकतीस म्हणालीस. एकेचाळीस वर्षांत ह्या छापखान्यात ते कुणी ऐकलं न्हवतं.”

मोटारसायकल दारात येऊन थांबली. मालक उतरता उतरता धडपडले. बोलणं तिथंच राहिलं.

अकरा दिवसांनी सांगलीहून छापलेली पानं आली. मुखपृष्ठ मात्र आमच्याकडेच, ट्रेडलवर छापायचं ठरलं होतं, खिळ्यांनी, कारण मालकांना त्यातली सोनेरी शाई आवडायची. त्याची जुळणी अप्पांनी केली. ते त्यांचं शेवटचं काम, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. बांधणी झाली आणि पहिली प्रत मालकांनी माझ्या हातात दिली. “इंदूताई, उद्यापासून हजेरीपटावर सही करत जा,” एवढंच म्हणाले.

मी प्रत उलटीसुलटी केली. हेमलताचा लेख काढला. ‘कुणीतरी’ जागच्या जागी होतं. मी पुस्तक मिटणार तेवढ्यात अप्पा म्हणाले, “मागचं पान बगितलंस?”

मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला, अगदी खाली, जिथं छापखान्याचं नाव असतं तिथं, नेहमीची ओळ होती. ‘मुद्रक : रघुनाथ शेटे, शेटे मुद्रणालय, विटा.’ एकेचाळीस वर्षं अप्पांनी ती ओळ जुळवली होती आणि कधीही तिच्याखाली स्वतःचं काही जोडलं नव्हतं. तशी पद्धतच नव्हती. आता तिच्याखाली आणखी एक ओळ होती.

‘अक्षरजुळणी : इंदुमती दळवी, माजी विद्यार्थिनी.’

मी मालकांकडे बघितलं. त्यांनी खांदे उडवले. “मला काय विचारता? मी प्रूफ बघितलं तेव्हा ती ओळ नव्हती.”

“अप्पा, मी मॅट्रिक कुठं झाले? याद्यांत माझं नाव नाही.”

“विद्यार्थिनी हुतीस न्हवं? नववीपातुर?”

“होते.”

“मग झालं तर. डोळ्यांनी वाचू नगंस. बोट फिरव.”

मी बोट फिरवलं. आतली पानं ऑफसेटची, गुळगुळीत. अक्षरं कागदावर नुसती बसलेली. पण त्या ओळीत शिसं कागदात घुसलं होतं. प्रत्येक अक्षराची खाच बोटाला लागत होती, पाठीमागच्या बाजूनंसुद्धा.

ती प्रत माझ्यापाशी आहे. मुखपृष्ठावरची सोनेरी शाई कधीच उडून गेली. अप्पाही गेले. डोळे आता साथ देत नाहीत, बारीक टाइप दिसत नाही. पण मागचं पान उघडून बोट ठेवलं की ओळ लागते, आणि टेबलाखाली पाय आपणच चालायला लागतो.